स्कॉटलंडच्या डोंगरांची गॅलिक नावं: कुणी ठेवली, कुठून बघून ठेवली

दरीकाठी

ग्लासगोत राहायला आल्यापासून वीकेंडला हवा बरी दिसली की हायलँड्सकडे, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागाकडे, सुटायचं हे ठरलेलंच आहे. सुरुवातीला तिथल्या डोंगरांची नावं बघून डोकं चालायचं नाही, नकाशावर अक्षरांची भलीमोठी रांग आणि माहितगार माणूस ती वाचतो तेव्हा त्यातली निम्मी अक्षरं तोंडातून बाहेरच येत नाहीत. मग हळूहळू तिथली जुनी भाषा, गॅलिक, थोडी शिकायला लागले (इकडे गॅलिकच म्हणतात, गेलिक म्हणलं की लोक समजतात आयर्लंडची भाषा) आणि नावं उलगडायला लागली. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच.

आधी नेहमी दिसणारे शब्द. बेन म्हणजे मोठा डोंगर. कार्न म्हणजे दगडांची रास, आणि त्यावरून तसा गोलसर दगडधोंड्यांचा डोंगर. स्कूर म्हणजे टोकदार खडकाळ शिखर, हा शब्द पश्चिमेला जास्त दिसतो. म्यौल म्हणजे ढेकळासारखा, आकार उकार नसलेला डोंगर. स्टोप म्हणजे खुंट. क्रेक म्हणजे कडा. द्रुइम म्हणजे पाठ, म्हणून लांब धार. स्रोन म्हणजे नाक, डोंगराची सोंड खाली उतरते ना तिथे हे नाव असतं. गुअलन म्हणजे खांदा. कोरे म्हणजे कढई, हिमनदीने कोरलेला अर्धगोल खोलगट भाग, शाळेत भूगोलात आपण हिमगव्हर म्हणून शिकलो तोच. आणि ब्यालाख म्हणजे खिंड.

एवढे शब्द आले की अर्धा नकाशा वाचता येतो. पण मला खरं जे सांगायचंय ते वेगळं आहे. ही नावं डोंगर चढणाऱ्यांनी ठेवलेलीच नाहीत. खाली दरीत राहून गुरं राखणाऱ्या, दूध काढणाऱ्या, लोणी घुसळणाऱ्या लोकांनी ठेवलीत. त्यांना शिखराशी काही देणंघेणं नव्हतं, त्यांना कुरण, पाणी, वारा लागणारी बाजू, खिंड कुठेय याच्याशी काम होतं.

उदाहरणं देते. अरोकार भागात बेन ईम आहे, १०११ मीटर. अर्थ काय तर लोण्याचा डोंगर. टिंड्रमजवळचा बेन लुई, गॅलिकमध्ये बेन लूई, वासराचा डोंगर. केर्नगॉर्म्समध्ये केर्न टूल आहे, १२९१ मीटर, ब्रिटनमधल्या सगळ्यात उंच डोंगरांपैकी एक, त्याचा अर्थ धान्याच्या कोठाराचा डोंगर. उत्तरेला असिंटमध्ये क्विनाग आहे, म्हणजे दुधाची चरवी. टोरिडनच्या उत्तरेला अन च्यालाख, म्हणजे लोहाराची भट्टी, तिथला वालुकाश्म तांबडा आहे, संध्याकाळी ऊन पडलं की नाव का पडलं ते आपोआप कळतं. आणि ग्लेन को नावाच्या दरीच्या तोंडाशी उभा असलेला बुअखइल एटिव्ह मोर, म्हणजे एटिव्ह दरीचा थोरला गुराखी. शेजारी धाकटा पण आहे.

लोणी, वासरू, कोठार, चरवी, भट्टी, गुराखी. हे सगळं एका घराच्या अंगणात मावेल असं सामान आहे.

यामागे उन्हाळी कुरणांची पद्धत होती. मे महिन्याच्या सुमारास बायका आणि मुलं गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जायची, दगडमातीच्या छोट्या खोपट्यांत राहायची, लोणी आणि चीज करायची आणि पीक कापणीला आलं की खाली यायची. त्या जागेला आरी म्हणतात. हायलँड्समध्ये तेव्हा काळी गुरं हीच खरी संपत्ती, मेंढ्यांचे मोठे कळप नंतर आले, जमीनदारांनी लोकांना दऱ्यांतून हाकलून दिल्यावर. माणसं गेली, खोपटी पडली, नावं मात्र डोंगरांवर तशीच आहेत. आजही कुठल्यातरी निर्मनुष्य कोरेमध्ये अचानक हिरवंगार गवत दिसतं आणि नीट बघितलं की दगडांचे बसके चौकोन दिसतात. गुरांच्या शेणाने ती जमीन इतकी सुपीक झाली की दोनशे वर्षांनीही गवताचा रंग वेगळा आहे.

लोकांनी आपापली माहिती टाका, प्रश्न विचारा. मला यावर कितीही वेळ बोलता येईल.

अनुजा_पुणे

वा, काय सुंदर विषय घेतलायस. वाचनखूण साठवली. बेन नेव्हिसचा अर्थ काय? तो तर सगळ्यात उंच ना?

दरीकाठी

हो अनुजा, १३४५ मीटर, अख्ख्या ब्रिटनमध्ये सर्वात उंच. आणि गंमत बघ, त्याचं नावही खालूनच वर गेलंय. पायथ्याशी नेव्हिस नावाची नदी आहे, दरीचंही तेच नाव, आणि डोंगराला ते नदीवरून मिळालं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मूळ शब्दाचा अर्थ विषारी, दुष्ट असा लावतात, पुराला आलेली नदी बघितली की पटतं. टूरिस्ट पुस्तकांत ढगात डोकं असलेला, स्वर्गाचा डोंगर असले अर्थ दिलेले असतात, ते ऐकायला गोड आहेत पण त्यांच्यावर विसंबू नये.

लॉखनगार तर आणखी स्पष्ट. राजघराण्याच्या बाल्मोरल वाड्याजवळचा प्रसिद्ध डोंगर, ११५० मीटरच्या वर उंची, आणि नाव चक्क तळ्याचं. लॉख म्हणजे तळं. ईशान्येच्या कोरेमध्ये जे तळं आहे त्याचं नाव पूर्ण डोंगराला चिकटलं. डोंगराचं जुनं नाव बेन खीखन, म्हणजे स्तनांचा डोंगर, ते मागे पडलं.

सह्यभटक

मस्त धागा. मी दोन वर्षांपूर्वी केर्नगॉर्मला गेलो होतो, गाइड म्हणाला निळा डोंगर. पण मला तर तो तपकिरी हिरवटच दिसला, निळा कुठून दिसला लोकांना?

दरीकाठी

@सह्यभटक, हा प्रश्न कुणीतरी विचारावा अशी मनापासून इच्छा होती.

गॅलिकमध्ये रंगांच्या हद्दी वेगळ्या आहेत. गोरोम म्हणजे निळा, पण हिरव्या गवतालाही गोरोमच म्हणतात. ग्लास म्हणजे राखाडी आणि हिरवा यांच्या मधलं काहीतरी, गवत आणि दगड मिसळलेल्या उताराला. लीअ म्हणजे सरळ राखाडी, पिकलेल्या केसांचा रंग. ऊन्य म्हणजे गडद झगझगीत हिरवा, ग्लेनमोरजवळ अन लॉखन ऊन्य नावाचं छोटं तळं आहे, पाणी खरंच पाचूसारखं, आणि पऱ्या तिथे आपले हिरवे कपडे धुतात म्हणून पाणी हिरवं झालं अशी गोष्ट सांगतात. ओवर म्हणजे मळकट फिका तपकिरी, हिवाळ्यात वाळलेल्या गवताचा. रीअवख म्हणजे पट्टेरी, कबरा. ब्रेख्क म्हणजे ठिपकेदार, ट्राउट माशालाही हाच शब्द.

लालसाठी दोन शब्द आहेत. जेरक म्हणजे भडक लाल. रूअघ म्हणजे तांबूस, लालसर तपकिरी, कोल्ह्याच्या केसांचा किंवा माणसाच्या तांबड्या केसांचा. रॉब रॉय या प्रसिद्ध स्कॉटिश बंडखोराचं नाव ऐकलंय ना, त्यातला रॉय म्हणजे हाच रूअघ, तांबड्या केसांचा रॉबर्ट.

आता तुझ्या केर्नगॉर्मकडे येते. केर्नगॉर्म हे खरं तर एकाच डोंगराचं नाव, १२४५ मीटर, स्पे नदीच्या खोऱ्यातून समोर दिसणारा. पूर्ण रांगेचं गॅलिक नाव आम मोनघ रूअघ, म्हणजे तांबूस डोंगररांग, कारण तिथला ग्रॅनाइट गुलाबी तांबूस आहे. आणि नदीच्या पलीकडच्या रांगेचं नाव आम मोनघ लीअ, राखाडी डोंगररांग, तिथला खडकच वेगळा. म्हणजे दरीत उभं राहून एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला राखाडी, दोन्ही नावं एकमेकांकडे बघून ठेवलेली आहेत. बाहेरून आलेल्या लोकांनी एका डोंगराचं नाव उचलून सगळ्या रांगेला दिलं आणि ही जोडी तुटली, मला त्याचं फार वाईट वाटतं. लाल रांगेला निळं नाव पडलं.

सह्यभटक

अरे बापरे. म्हणजे मी नॅशनल पार्कच्या बोर्डासमोर फोटो काढून आलो आणि रांगेचं खरं नाव आज कळतंय. धन्यवाद.

मंद_वारा

एक शंका. हे शब्द संस्कृतच्या जवळचे वाटतात का कुणाला? कुठेतरी वाचलं होतं की केल्टिक भाषा आणि संस्कृत एकाच कुळातल्या. मग बेन हा शब्द वन वरून आला असेल का? आणि मोर म्हणजे मोठा, हे तर अगदी मराठीच वाटतंय.

शब्दवेध

@मंद_वारा, एकाच कुळातल्या हे बरोबर आहे. दोन्ही इंडो-युरोपियन. पण आवाज जुळला म्हणून शब्द एक असं होत नाही, दोन भाषांमध्ये ध्वनी कसे बदलत गेले त्याचे नियम जुळावे लागतात. बेन आणि वन यांचा संबंध नाही, मोर आणि मोठा यांचाही नाही.

खरे नातेवाईक आहेत, आणि ते कमी मजेदार नाहीत. वर आलेला रूअघ म्हणजे तांबूस, हा आणि संस्कृत रुधिर हे एकाच मुळातून आलेत, इंग्लिशमधला रेड सुद्धा त्याच घरातला. गाईला गॅलिकमध्ये बो, आपल्याकडे गो. राजाला री, आपल्याकडे राजन. नावाला एनम, आपल्याकडे नाम. त्यामुळे मोनघ रूअघ म्हणताना त्यातल्या दुसऱ्या शब्दाशी आपलं लांबचं का होईना नातं आहे हे खरं.

आता धाग्याच्या मूळ मुद्द्याबद्दल. दरीकाठी, लेख अभ्यास करून लिहिलाय पण एक भर घालतो. डिक्शनरी उघडून नावाचा अर्थ लावणं हा सर्वात धोक्याचा रस्ता आहे. ग्लेन कोमधला सर्वोच्च डोंगर बिजन नम बीअन, ११५० मीटर. डिक्शनरीत बीअन म्हणजे कातडं, मग अर्थ झाला कातड्यांचं शिखर, आणि लगेच लोक शिकारीच्या गोष्टी जोडतात. पण बेनचं अनेकवचनी रूप ब्याउन, आणि मूळ नाव डोंगरांमधलं शिखर असं असून लिहिताना बिघडलं असावं हे मत जास्त सयुक्तिक वाटतं. जूराच्या बेटावर बेन अन ओर आहे, अर्थ सोन्याचा डोंगर, तिथेही मूळ शब्द सीमा असल्याचा एक तर्क आहे. बेन डोरनच्या नावात कुणाला पाणमांजर दिसतं, कुणाला छोटे झरे. नावाचा जुन्यात जुना लिखित पुरावा, तिथल्या माणसाच्या तोंडचा उच्चार आणि प्रत्यक्ष जागा, या तिन्हीचा मेळ बसला तरच अर्थ पक्का धरावा. एडिनबरा विद्यापीठात केल्टिकचे प्राध्यापक असलेले डब्ल्यू. जे. वॉटसन स्वतः ईस्टर रॉसमधले, गॅलिक घरातले, त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच शिस्तीने काम केलं म्हणून ते आजही टिकून आहे.

आणि सगळे डोंगर गॅलिक नावाचे नाहीत. बेन लोमंडमधला लोमंड हा गॅलिकच्या आधीच्या, वेल्शला जवळच्या भाषेतला, अर्थ बहुधा इशाऱ्याचा जाळ पेटवायची जागा. वेल्समध्ये पमलुमोन आहे, त्यात तोच शब्द. शिवाय इथे तुमचा नियम उलटा पडतो, लॉख लोमंडचं जुनं नाव लेव्हन, डोंगराचं नाव नंतर खाली तळ्याला गेलं.

दरीकाठी

शब्दवेध, लोमंडचं उदाहरण एकदम चपखल. पण मला वाटतं ते मुद्द्याच्या विरोधात जात नाही. बेन लोमंड फक्त ९७४ मीटर आहे पण हायलँड्सच्या अगदी दक्षिण कडेला, सखल भागातून कितीतरी लांबून दिसतो, क्लाइडच्या खोऱ्यातून तर रोजच. ज्यावर जाळ पेटवला की सगळ्यांना दिसेल असा तो डोंगर, म्हणून त्याचं नाव मोठं. इथेही बघणारा खालीच उभा आहे.

खरा अपवाद बघायचा तर स्काय बेटावरच्या कूलिनमध्ये. तिथे डोंगर चढणाऱ्यांनी दिलेली नावं आहेत आणि ती लगेच ओळखू येतात. स्कूर अलस्टर, ९९२ मीटर, बेटावरचं सर्वोच्च शिखर, १८७३ मध्ये स्कायचेच अलेक्झांडर निकलसन चढले आणि त्यांचं गॅलिक नाव शिखराला लागलं. त्याला चिकटून स्कूर हिअरलख, म्हणजे चार्ल्सचं शिखर, चार्ल्स पिल्किंग्टनच्या नावाने. जवळच स्कूर विख खोन्यिख, मॅकेंझीचं, हे जॉन मॅकेंझी तिथले स्थानिक गाइड. आणि थोडं पुढे स्कूर होरमिच, म्हणजे नॉर्मन कॉली यांचं. गॅब्रो खडकाच्या त्या काळ्या धारेवर गवताची काडी नाही, गुरं तिकडे जाणारच नव्हती, मग गुराखी कशाला नाव ठेवेल? चढणारे आले आणि त्यांनी आपली नावं ठेवली. त्याच कूलिनमधलं दुरून उठून दिसणारं स्कूर नन गिल्यन मात्र जुनं आहे.

कुलाबकर

इंटरेस्टिंग. आपल्याकडे खंडाळ्याच्या नागफणीला साहेबाने वेलिंग्टनच्या नाकावरून ड्यूक्स नोज केलं, ते आठवलं. आणि महाबळेश्वरचा आर्थर सीट? एडिनबरात पण आर्थर्स सीट आहे ना?

एडिनबरावासी

आहे, २५१ मीटर, शहराच्या मधोमध विझलेला ज्वालामुखी, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर चढून येता येतं. पण महाबळेश्वरचा आर्थर म्हणजे मुंबई इलाख्यातला ब्रिटिश अधिकारी, आणि इथल्या आर्थरला लोक दंतकथेतल्या राजाशी जोडतात. नाव तेवढं सारखं.

नकाशेवाला

मी सर्व्हे आणि जीआयएसमध्ये (संगणकावरचे नकाशे) काम करतो म्हणून नकाशाच्या बाजूने लिहितो, कारण ही नावं आज आपल्याला दिसतात ती ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या, हातून आलेली आहेत.

हायलँड्सचा मोठा सर्व्हे मुख्यतः १८६० आणि १८७० च्या दशकांत झाला. सर्व्हेवाले गावात जाऊन प्रत्येक नाव एका वहीत लिहायचे, त्यांना नेम बुक म्हणतात. नाव, त्याची वेगवेगळी स्पेलिंग, कुणाच्या सांगण्यावरून ते ठरवलं त्यांची नावं, आणि जागेचं छोटं वर्णन, असे रकाने. ह्या वह्या आता ऑनलाइन स्कॅन करून ठेवल्यात, कुणालाही बघता येतात, आणि खरंच बघा, शाईतलं ते अक्षर, खोडलेलं स्पेलिंग, बाजूला दुसऱ्या हाताने लिहिलेलं सुधारलेलं रूप, तासन्तास जातात त्यात. कळीचा रकाना कुणी सांगितलं हा. तिथे बऱ्याचदा पाद्री, शाळामास्तर, जमीनदार किंवा त्याचा कारभारी यांची नावं असतात, कारण सर्व्हेच्या दृष्टीने तेच भरवशाचे. ज्या मेंढपाळाला किंवा म्हाताऱ्या बाईला कोरेमधला प्रत्येक दगड नावाने माहीत होता तिचा नंबर लागलाच तर शेवटी.

त्याच काळात, १८७२ चा शिक्षण कायदा आला, त्यात गॅलिकसाठी काहीच तरतूद नव्हती. शाळेत इंग्लिश, नकाशावर गॅलिक, अशी स्थिती. काही नावं शुद्ध गॅलिक स्पेलिंगने छापली, काही ऐकून इंग्लिश कानाने लिहिली, म्हणून नकाशावर दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. वर दरीकाठींनी केर्न टूल लिहिलंय, ते ऐकीव स्पेलिंगचं उत्तम उदाहरण. गॅलिकमध्ये कार्न अन टाविल, ज्याने लिहिलं त्याला टूल ऐकू आलं. पिटलॉक्रीवरचा बेन व्रॅकी पण तसाच, त्यातला व्र म्हणजे वरचा ठिपकेदारवाला ब्रेख्क, फक्त सुरुवातीचा ब मऊ होऊन व झालाय.

अनुजा_पुणे

हे मऊ होणं काय असतं? ब चा व कसा होतो, म्हणजे नियम आहे का काही?

दरीकाठी

नियम आहे आणि तो कळला की सगळं सोपं होतं. गॅलिकमध्ये ठरावीक ठिकाणी शब्दाचं पहिलं व्यंजन मऊ होतं आणि लिहिताना त्याच्यापुढे एच येतो. बी-एच आणि एम-एच दोन्हीचा उच्चार व. एस-एच आणि टी-एच म्हणजे ह. एफ-एच असेल तर काहीच म्हणायचं नाही. डी-एच आणि जी-एच म्हणजे घशातला घ. म्हणून अक्षरं जास्त, आवाज कमी.

आणि नामाला लिंग आहे, आपल्यासारखंच, फक्त दोनच. बेन स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यामागून येणारं विशेषण मऊ होतं. थोरला म्हणजे मोर, पण बेनबरोबर वोर, धाकटा म्हणजे बेक, पण बेनबरोबर वेक. कार्न पुल्लिंगी, म्हणून त्याच्याबरोबर मोरच. मराठीत आपण मोठा डोंगर पण मोठी टेकडी म्हणतो, आपल्याकडे बदल शब्दाच्या शेवटी होतो, त्यांच्याकडे सुरुवातीला. नकाशावर इंग्लिश वळणाने बेन मोर असं लिहिलेले डोंगर भरपूर आहेत, क्रियनलॅरिखजवळ ११७४ मीटरचा, मल बेटावर ९६६ मीटरचा, असिंटमध्ये ९९८ मीटरचा. त्या त्या दरीतल्या लोकांसाठी तोच मोठा डोंगर, शेजारच्या दरीत कुणाचं काय नाव आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

मंद_वारा

शब्दवेध, समजलं, नीट सांगितल्याबद्दल आभार. रुधिरचं खरंच आवडलं. अजून एक, शरीराचे अवयव फार दिसतात या नावांत. पाठ, नाक, खांदा, स्तन. हे कुठून?

दरीकाठी

खूप आहेत. डोकं, कपाळ, कवटी, टक्कल पण. म्यूल म्हणजे टकला, वर झाड झुडूप नसलेला डोंगर. माम म्हणजे गोल स्तनासारखा. खीख म्हणजे स्तनच, ग्लेन कोच्या पश्चिम टोकाला स्कोर न खीख आहे, इंग्लिशमध्ये पॅप ऑफ ग्लेन को. जूराच्या तीन डोंगरांना मिळून पॅप्स ऑफ जूरा म्हणतात. आयर्लंडमध्ये केरी भागात तर दोन जोड डोंगरांना आनू देवीचे स्तन असं स्पष्ट नाव आहे. लाजण्यासारखं त्यांना काही वाटत नव्हतं, डोंगर आपल्याला पोसतो असाच भाव.

व्हिक्टोरियाच्या काळात मात्र लोक लाजायला लागले. केर्नगॉर्म्समध्ये केर्न टूलच्या खाली काळ्या कड्याचं एक शिखर आहे, १००४ मीटर, इंग्लिश नाव डेव्हिल्स पॉइंट. मूळ नावाचा अर्थ सैतानाचं शिश्न. राणीने नावाचा अर्थ विचारला तेव्हा तिचा सेवक जॉन ब्राउन याने सभ्य भाषांतर करून सांगितलं अशी गोष्ट तिकडे सगळे सांगतात.

म्हातारीची नावंही ठिकठिकाणी आहेत. कायल्याख म्हणजे म्हातारी, पण नुसती म्हातारी नाही, हिवाळा आणणारी, डोंगर घडवणारी देवता. स्कायवर बेन न कायल्यिख आहे. आणि बोदख म्हणजे म्हातारा, बऱ्याच ठिकाणी दोघं जवळजवळ उभी असतात.

एडिनबरावासी

नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या जुन्या भाषेतल्या, नावांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. पश्चिमेची बेटं १२६६ पर्यंत नॉर्वेच्या राजाच्या ताब्यात होती, त्या वर्षी पर्थच्या तहाने स्कॉटलंडला मिळाली. म्हणून रम बेटावरचे डोंगर ऐका: हॅलिव्हल, आस्किव्हल, ट्रोलव्हल. शेवटचा व्हल म्हणजे नॉर्समधला डोंगर. असिंटमधला सुल्व्हन, ७३१ मीटर, नॉर्स सूला म्हणजे खांब आणि पुढे गॅलिक बेन मऊ होऊन व्हेन. उत्तर किंवा दक्षिणेकडून तो लांब धारेसारखा दिसतो, पण समुद्राकडून बघाल तर सरळ उभा खांब. नाव देणारा बोटीत होता. दरीकाठींच्या मुद्द्यालाच हे धरून आहे, गुराखी खालून बघतो, खलाशी समुद्रातून.

शब्दवेध

सुल्व्हनचं अप्रतिम. दुजोरा.

नकाशेवाला

शिहॅलियनबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. गॅलिक नाव शी खालेन, कॅलिडोनियन लोकांचा परीडोंगर, १०८३ मीटर. जवळच्या डनकेल्डच्या नावातही तेच लोक आहेत, कॅलिडोनियनांचा किल्ला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका जमातीचं नाव डोंगरात आणि गावात जिवंत आहे.

आणि याच डोंगराच्या दोन्ही बाजूंना १७७४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी ओळंबा लावून बघितला, डोंगराच्या वस्तुमानाने तो किती ओढला जातो ते मोजलं आणि त्यावरून पृथ्वीची घनता काढली. डोंगर एकटा आणि बऱ्यापैकी सममित आहे म्हणून निवडला. हिशोब गणिती चार्ल्स हटन यांनी केला, आणि तो करताना समान उंचीचे बिंदू रेषांनी जोडले, आज ट्रेकच्या नकाशावर आपण समोच्च रेषा बघतो त्यांच्या सुरुवातीच्या वापरातला हा एक. पुढे १८५० च्या दशकात भारताच्या सर्व्हेत हिमालयाजवळ ओळंबा अपेक्षेपेक्षा कमी ओढला जातोय हे लक्षात आलं आणि डोंगरांना खाली हलकी मुळं असतात हा विचार पुढे आला. परीडोंगरापासून थेट हिमालयापर्यंत धागा जातो.

सह्यभटक

मी मे मध्ये पुन्हा येतोय, या वेळी ग्लेन को. थोरला गुराखी करायचा विचार आहे. जाण्याआधी नकाशावर काय काय वाचून ठेवू?

दरीकाठी

@सह्यभटक, नक्की ये. त्या एका डोंगरावरची नावं तुला क्रमाने सांगते.

बुअखइल एटिव्ह मोरच्या धारेवर चार टोकं आहेत. पहिलं स्टोप जेरक, १०२१ मीटर, लाल खुंट, रस्त्यावरून जो पिरॅमिड दिसतो तो हाच, खडक रायोलाइट (ज्वालामुखीचा खडक), सकाळच्या उन्हात खरंच लाल. मग स्टोप न डोरे, झाडीचा खुंट. मग स्टोप कोरे अल्ट्रम, यावर जरा थांब. अल्ट्रम म्हणजे पाजणं, पोसणं, लहान पिल्लांना वाढवणं. कोरेमध्ये वाऱ्यापासून आडोसा असेल तिथेच जनावर पिल्लाला घेऊन बसतं. चढताना तिथून खाली बघ आणि स्वतः ठरव. शेवटचं स्टोप न ब्रोके, बुटाचं टोक.

थोरल्या आणि धाकट्या गुराख्याच्या मधून लायरिक गार्टन खिंड जाते. धाकट्याच्या पलीकडे लायरिक एलज, म्हणजे हरिणीची खिंड, आजही तिथे हरणं दिसतात, पहाटे गेलास तर. दरीच्या उत्तरेला ओनख एगख, दातेरी धार, तिच्या पश्चिम टोकाला स्कोर नम फीअनी, म्हणजे फियन योद्ध्यांचं शिखर, गॅलिक दंतकथांमधले वीर ते. समोरच्या कड्यात ओशनची गुहा आहे, तोही त्याच कथांमधला.

आणि एक दिवस जास्तीचा असेल तर कोरे गाव्हलला जा. इंग्लिश पाट्यांवर हरवलेली दरी असं लिहिलेलं असतं, पण गॅलिक नावाचा अर्थ पकडून आणलेल्याची, लुटीची कोरे. ग्लेन कोमधल्या मॅकडोनाल्ड घराण्याचे लोक चोरून आणलेली गुरं इथे लपवायचे. रस्त्यावरून ती दिसतच नाही, तोंडाशी दरडीचे प्रचंड दगड पडलेत, झाडीतून त्या दगडांवरून चढत जायचं आणि मग एकदम समोर सपाट हिरवं मैदान उघडतं, चारी बाजूंनी कडे. शेकडो गुरं उभी केली तरी खालून कुणाला कळायचं नाही. हरवलेली दरी म्हणलं की रोमँटिक वाटतं, पण गॅलिक नाव त्या जागेचा उपयोग सांगतं.

सह्यभटक

स्क्रीनशॉट काढून ठेवला. उच्चार ऐकायला कुठे मिळतील?

नकाशेवाला

गॅलिक स्थलनामांची अधिकृत संस्था आहे, अनम्यन आइत्य न हालपा, त्यांच्या साइटवर शोध आहे आणि बऱ्याच नावांचे उच्चार रेकॉर्ड केलेत. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचाच घे, पंचवीस हजारीवर (१:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर) छोट्या कोरे आणि ओढ्यांची नावं पण असतात, पन्नास हजारीवर त्यातली बरीच गाळलेली असतात.

दरीकाठी

हो, पंचवीस हजारीच घे, कागदावरचा, फोनची बॅटरी तिथल्या थंडीत लवकर उतरते. आणि कोरे गाव्हलची वाट पावसात फार निसरडी असते, बूट चांगले घाल. ग्लेन कोला येशील तेव्हा ग्लासगोला उतरून कळव, सुट्टी जुळली तर मीही येते.

अनुजा_पुणे

दरीकाठी, आयर्लंडच्या डोंगरांवर पण एक लिही ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.